हिनभर तेल म्हणजे किती वाट्या?

प्रश्न : आमच्या चर्चच्या महिला मंडळात सध्या निर्गम आणि लेवीय या पुस्तकांचे वाचन चालू आहे. रोजच्या होमार्पणाच्या कोकराबरोबर ‘एक दशमांश एफा सपीठ आणि त्यात पाव हिन कुटून काढलेले तेल’ अर्पण करावे, असे निर्गमाच्या २९व्या अध्यायात आहे. ते वाचल्यावर त्याच प्रमाणात पोळी करून पाहावी, असे सर्वांच्या मनात आले. मात्र एका पुस्तकाच्या शेवटी दिलेले कोष्टक हिन हे द्रवाचे माप म्हणजे सुमारे ३.७ लिटर सांगते, तर दुसरे ६.५ लिटर. आम्ही कोणते खरे मानावे आणि वाटी-चमच्यात ते किती भरेल? — एक वाचक भगिनी, अहिल्यानगर

उत्तर : आपल्या दोन कोष्टकांपैकी कोणतेही चुकून छापलेले नाही. ती दोन वेगवेगळ्या पुराव्यांवर आधारलेली आहेत. कोणता पुरावा कोणत्या कामासाठी घ्यायचा हे एकदा ठरवले, की स्वयंपाकघरातला हिशेब अगदी सोपा होतो.

आधी जे निश्चित आहे ते पाहू. इब्री मापांची आपापसांतली नाती फार पक्की आहेत. धान्याचा एफा आणि द्रवाचा बथ यांचे आकारमान एकच असावे आणि दोन्ही होमर या मोठ्या मापाच्या दहाव्या हिश्शाइतके असावेत, असे यहेज्केलाच्या ४५व्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. ओमर म्हणजे एफाचा दशमांश, हे निर्गमाच्या १६व्या अध्यायात मान्न्याच्या वर्णनाच्या शेवटी येते. पुढे रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, जी परंपरा नोंदवली, तीनुसार एका बथात ६ हिन, एका हिनात लोग नावाची १२ लहान मापे आणि एका लोगात कोंबडीच्या ६ अंड्यांइतके आकारमान असते. म्हणजे बथात किंवा एफात ७२ लोग झाले, दशमांश एफात ७.२ लोग आणि पाव हिनात ३ लोग. आपल्या वचनातील सपिठाचे आणि तेलाचे प्रमाण यावरून २.४ ला १ असे निघते. या गणितात लिटर कोठेही आला नाही, हे लक्षात घ्यावे. हिन पावणेचार लिटरांचा असो वा साडेसहा लिटरांचा, हे प्रमाण बदलत नाही. पाककृतीला प्रमाणच हवे असते, त्यामुळे आपले निम्मे काम येथेच झाले.

आता लिटरांतील फरकाचे कारण पाहू. इस्राएलातील टेल बेत मिरसीम आणि लाखीश या ठिकाणी उत्खननात मोठ्या घटांची अशी खापरे मिळाली, की ज्यांवर ‘बथ’ किंवा ‘राजाचा बथ’ असा अर्थ देणारी इब्री अक्षरे आहेत. या तुकड्यांवरून मूळ घटाचा आकार कल्पून पुरातत्त्वज्ञ विल्यम अल्ब्राइट यांनी बथ सुमारे २२ लिटरांचा ठरवला. त्याचा सहावा हिस्सा म्हणजे आपल्या पहिल्या कोष्टकातील ३.७ लिटरांचा हिन. दुसरे कोष्टक पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफस याच्यावर विसंबलेले आहे. बथात क्सेस्तेस या ग्रीक-रोमन मापाची ७२ मापे मावतात आणि हिन हा अथेन्सच्या दोन खोस मापांइतका असतो, असे त्याने लिहिले आहे. क्सेस्तेस सुमारे ५४० मिलिलिटरांचा होता, त्यामुळे बथ ३९ लिटरांचा आणि हिन साडेसहा लिटरांचा होतो. जोसेफसाची ही दोन्ही विधाने एकमेकांशी जुळतात, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. तरीही ग्रीक आणि रोमन वाचकांना कळावे म्हणून त्याने लोगाच्या जागी त्यांच्या ओळखीचे माप ठेवले असावे, असे मला वाटते.

घट सापडले म्हणजे माप सापडले, असेही नाही. लाखीशला ‘राजाचे’ असा शिक्का असलेले घट सांधून जेव्हा मोजण्यात आले, तेव्हा त्यांची क्षमता सुमारे ४० ते ५० लिटरांच्या दरम्यान निरनिराळी भरली. शिक्का एकच असूनही घट सारखे नव्हते, याचा अर्थ ते साठवणीचे होते, मोजण्याचे नव्हते. शिवाय माप काळाबरोबर बदलले, हे ताल्मूद हा रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ स्वतःच सांगतो. सेआ म्हणजे एफाचा तिसरा हिस्सा; मोशेच्या काळच्या, रानातल्या मापाचा सेआ १४४ अंड्यांचा, यरुशलेमी मापाचा सुमारे १७३ अंड्यांचा आणि गालीलातील त्सिप्पोरी गावच्या मापाचा सुमारे २०७ अंड्यांचा. एकाच नावाची तीन मापे एकाच परंपरेत नांदत होती. आपल्याकडे कोठे बारा पायल्यांचा मण होता, तर कोठे सोळा पायल्यांचा, आणि तरीही बाजार सुरळीत चालत असे. तसाच हा प्रकार आहे.

माझा सल्ला असा आहे, की जुन्या करारातील राजांच्या काळापर्यंतच्या वचनांसाठी २२ लिटरांचा बथ धरावा आणि नव्या कराराच्या काळासाठी ३९ लिटरांचा. २२ लिटरांचा बथ धरण्यात एक मोठी सोय आहे. लोग ३०६ मिलिलिटरांचा, म्हणजे १५० मिलिलिटरांच्या दोन वाट्यांचा होतो. घरातील वाटी तेवढीच आहे ना, हे मापाच्या भांड्याने एकदा पडताळून घ्यावे, कारण वाट्या १०० मिलिलिटरांपासून २०० मिलिलिटरांपर्यंत मिळतात. या हिशेबाने हिन साडेचोवीस वाट्यांचा, पाव हिन सहा वाट्या आणि वर एक मोठा चमचा, तर दशमांश एफा पावणेपंधरा वाट्यांना किंचित कमी, म्हणजे २.२ लिटर. महारोग्याच्या शुद्धीच्या विधीत लेवीयाच्या १४व्या अध्यायात जे एक लोग तेल सांगितले आहे, ते दोन वाट्या.

सपिठाचे वजन काढताना मात्र सावध राहावे, कारण तेथे नेहमी घोटाळा होतो. एफा हे आकारमानाचे माप आहे आणि पीठ चाळून हलके भरले, की दाबून भरले, यावर त्याचे वजन बरेच बदलते. या बाबतीत बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या मायमोनिडीज या पंडिताने मोठी मोलाची नोंद ठेवली आहे. रेविईत, म्हणजे पाव लोग, एवढे माप त्याने शक्य तितक्या काटेकोरपणे तयार केले. त्यात पाणी जवळजवळ २७ दिरहम, द्राक्षारस २६, गहू २१ आणि गव्हाचे पीठ १८ दिरहम भरले. पिठाचे वजन तेवढ्याच पाण्याच्या दोन तृतीयांश, असा याचा अर्थ. गव्हाचे प्रमाणही आजच्या मोजणीशी चांगले जुळते, त्यामुळे या नोंदीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. एक लिटर पिठाचे ६६७ ग्रॅम धरले, तर दशमांश एफा सपीठ जवळजवळ दीड किलो होते. मंदिरात वापरले जाणारे सपीठ चाळून त्यातली भुकटी काढून टाकलेले असे. कोठाराचा अधिकारी त्यात हात घालून पाही आणि हाताला पिठाची भुकटी लागली तर ते पुन्हा चाळायला लावी, असे मिश्ना या रब्बींच्या नियमसंग्रहात आहे. त्यामुळे आपल्याकडच्या कणकेपेक्षा बारीक रवा त्याला अधिक जवळचा वाटतो, आणि बारीक रव्याचे वजनही साधारण याच प्रमाणात भरते.

आता मुख्य सूचना. आपण निवडलेल्या वचनातील प्रमाणाने पोळी करू नये. अर्धा किलो रवा घेतला, तर त्यात ३१२ मिलिलिटर, म्हणजे दोन वाट्यांहून अधिक तेल पडेल आणि तो गोळा लाटता येणार नाही. ते अन्नार्पण खाण्यासाठी नव्हतेच, कोकराबरोबर ते संपूर्णपणे वेदीवर जाळले जाई. जे अन्नार्पण कोणी स्वखुशीने आणी आणि ज्यातली मूठभर वेदीवर टाकल्यानंतर उरलेले याजक खात असत, त्याच्यासाठी मिश्नाने दर दशमांशाला एक लोग तेल सांगितले आहे. म्हणजे सपीठ आणि तेल ७.२ ला १. हे प्रमाण खाण्याजोगे आहे. पाच वाट्या बारीक रवा, जो वजनाने अर्ध्या किलोच्या आसपास भरेल, आणि त्यात सात मोठे चमचे, म्हणजे १०५ मिलिलिटर जैतुनाचे तेल घ्यावे. अन्नार्पण कोमट पाण्याने मळत असत, त्याप्रमाणे कोमट पाणी लागेल तसे घालावे. लेवीयाच्या दुसऱ्या अध्यायानुसार मीठ अवश्य हवे, तर खमीर आणि मध चालत नाहीत. त्याच अध्यायात भट्टीत भाजलेल्या अन्नार्पणाबरोबर तव्यावर केलेल्याचाही उल्लेख आहे, त्यामुळे आपण तवा वापरलात तर वचनाला धरूनच होईल.

प्रश्न : शाब्बाथच्या (विश्रामदिनाच्या) किद्दुशसाठी, म्हणजे प्याल्यावर म्हणायच्या आशीर्वादासाठी, आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करतात. प्याल्यात किमान किती सरबत असावे याबद्दल कोणी ८६ मिलिलिटर सांगतात, तर इस्रायलहून आलेले एक आप्त १५० सांगतात. आजीच्या चांदीच्या प्याल्यात ९५ मिलिलिटर मावते. तो वापरू नये का? पेसाहच्या (वल्हांडण सणाच्या) चार प्याल्यांसाठी घरातल्या सहा जणांना मिळून किती सरबत करावे लागेल? — एक वाचक, ठाणे

उत्तर : किद्दुशच्या प्याल्यात एक रेविईत पेय असावे, याबद्दल कोणाचेच दुमत नाही. रेविईत म्हणजे लोगाचा चौथा हिस्सा, म्हणजे दीड अंड्याइतके आकारमान. मतभेद आहे तो अंड्याविषयी, आणि तो फार जुना आहे. अंडे फार मोठे नको, फार लहान नको, मध्यम असावे, असे मिश्ना सांगते. रब्बी यहूदा यांनी त्यावर उपाय सुचवला, की सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान अशी दोन अंडी पाण्यात टाकावीत आणि सांडलेल्या पाण्याचे दोन भाग करावेत. त्यावर रब्बी योसे यांनी विचारले, की सर्वांत मोठे कोणते आणि सर्वांत लहान कोणते हे मला कोण सांगणार? पाहणाऱ्याच्या अंदाजावरच ते सोडावे, असे त्यांचे मत पडले. मोजमापाच्या शास्त्रातली ही खरी अडचण इतक्या थोडक्या शब्दांत क्वचितच कोणी मांडली असेल.

ताल्मुदाने रेविईत मोजण्याची दुसरीही रीत दिली आहे : दोन अंगुळे लांब, दोन अंगुळे रुंद आणि २.७ अंगुळे खोल असे भांडे. अंगुळ म्हणजे अंगठ्याची रुंदी. या तिन्ही आकड्यांचा गुणाकार १०.८ घन अंगुळे होतो. आपल्या आप्तांचे आणि इतरांचे आकडे का जुळत नाहीत, हे येथे लख्ख दिसते. अंगठ्याची रुंदी २ सेंटिमीटर धरली तर ८६.४ मिलिलिटर येतात, आणि २.४ सेंटिमीटर धरली तर १४९.३. अंगठ्यात अवघ्या ४ मिलिमीटरांचा फरक, पण लांबी, रुंदी आणि खोली या तिन्हींत तो मोजला गेल्यामुळे पेय पावणेदोन पटींच्या जवळ जाते.

पहिला आकडा यरुशलेमचे रब्बी आव्राहाम हाईम नाए यांनी विसाव्या शतकात प्रचारात आणला. मायमोनिडीजच्या २७ दिरहमांचा वर उल्लेख आला आहे. नाए यांनी उस्मानी राजवटीतला ३.२ ग्रॅमचा दिरहम धरला आणि ८६.४ हा आकडा काढला. त्यांच्या मताने अंडे ५७.६ मिलिलिटरांचे होते, आणि आज बाजारात मिळणारे मध्यम अंडे काठोकाठ भरलेल्या पेल्यात बुडवून सांडलेले पाणी मोजले, तर साधारण याच्याच आसपास भरते. दुसऱ्या आकड्यामागे अठराव्या शतकातील प्रागचे रब्बी यहेज्केल लांडाऊ यांचे निरीक्षण आहे. त्यांनी अंगुळांनी आणि अंड्यांनी असे दोन्ही प्रकारे मोजून पाहिले, तेव्हा अंड्यांचे माप अंगुळांच्या जवळजवळ निम्मेच भरले. अंगठे काही मोठे झाले नसतील, तेव्हा अंडीच पूर्वीपेक्षा निम्मी झाली असावीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बनेई ब्राकचे रब्बी आव्राहाम येशाया कारेलिट्झ, ज्यांना हाझोन ईश या नावाने ओळखतात, त्यांनी तीच बाजू उचलून धरली, म्हणून आजही इस्रायलमधील अनेक घरांत १५० मिलिलिटरांचा प्याला असतो.

आता यात एक भर घालावीशी वाटते. मायमोनिडीजच्या काळचा इजिप्तमधला दिरहम उस्मानी दिरहमाहून हलका होता. काही अभ्यासकांनी तो सुमारे २.८ ग्रॅमचा धरला आहे. त्या हिशेबाने रेविईत साधारण ७६ मिलिलिटरांचे होते. वर अहिल्यानगरच्या भगिनींना सांगितलेला २२ लिटरांचा बथ घेऊन त्याचा २८८वा हिस्सा काढला, तरी ७६ मिलिलिटरच येतात. एक वाट खापरांवरच्या अक्षरांची, दुसरी तराजूवर तोललेल्या पाण्याची. दोन्हींत अंदाजाचा अंश आहे हे खरे, पण त्या एकाच ठिकाणी येऊन मिळतात, याला मी वजन देतो.

विधीचा निर्णय करण्याचा अधिकार या सदराला नाही, तो आपल्या सिनेगॉगमधील जाणत्यांचा आहे. आकड्यांपुरते बोलायचे, तर ९५ मिलिलिटरांचा प्याला नाए यांच्या मापाला पुरून उरतो, त्यामुळे आजींचा प्याला बाजूला ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. त्यात किमान ८६ मिलिलिटर सरबत असावे, म्हणजे साधारण पाऊण सेंटिमीटर रिकामे ठेवून भरण्याऐवजी काठाजवळ भरावे. आप्त घरी असतील आणि त्यांना त्यांच्या परंपरेने करायचे असेल, तेव्हा १५० मिलिलिटरांची एक पूर्ण वाटीभर मावेल असा मोठा प्याला त्यांच्यासाठी घ्यावा.

पेसाहला चार प्याले, म्हणजे चार रेविईत, म्हणजे बरोबर एक लोग. कोकणातील आणि मुंबई-पुण्याच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी, कुटुंबांसाठी मराठी भाषांतरासह हागादा ही पेसाहच्या रात्री वाचायची पोथी १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात छापली गेली. तिच्यातील हे चार प्याले एका माणसामागे नाए यांच्या मापाने ३४६ मिलिलिटर होतात आणि हाझोन ईश यांच्या मापाने ६०० मिलिलिटर. सहा जणांसाठी अनुक्रमे २.१ लिटर आणि ३.६ लिटर सरबत लागेल. प्रत्येक प्याल्यातील निम्म्याहून अधिक पिणे आवश्यक मानले जाते, त्यामुळे लहान मुलांना लहान प्याले दिलेले बरे. हा सगळा हिशेब गाळलेल्या सरबताचा आहे. मनुका बरेच पाणी शोषतात आणि चोथ्यातही काही राहते, म्हणून भिजवतानाचे पाणी मोजून चालणार नाही. गाळल्यावर मापाच्या भांड्यात ओतून पाहावे, आणि कमी भरल्यास त्याच चोथ्यावर थोडे पाणी घालून पुन्हा पिळावे.

प्रश्न : निर्गमाच्या ३०व्या अध्यायातील अभिषेकाचे तेल घरी करायचे झाल्यास एक हिन तेलाला मसाले किती ग्रॅम घ्यावेत? — एक वाचक, वसई

उत्तर : गणित सांगतो, पण कृती करू नये, कारण त्याच अध्यायात ३३व्या वचनात हे मिश्रण इतरांनी करण्यास स्पष्ट मनाई आहे. गंधरस ५०० शेकेल, दालचिनी २५०, सुगंधी वेखंड २५० आणि तज ५००, असे एकूण १,५०० शेकेल मसाले सांगितले आहेत. उत्खननात मिळालेल्या दगडी वजनांवरून शेकेल सव्वाअकरा ग्रॅमच्या जवळपास होता, त्यामुळे हे मसाले सुमारे १७ किलो होतात. त्यांना तेल फक्त एक हिन, म्हणजे ३.७ लिटर. एवढ्या तेलात एवढे मसाले नीट ओलेही होणार नाहीत. हा पेच जुन्या पंडितांनाही जाणवला होता. मायमोनिडीजने दिलेल्या पद्धतीनुसार मसाले आधी पाण्यात भिजवून त्यांचा सगळा वास पाण्यात उतरवत, मग त्या पाण्यावर तेल घालून पाणी आटेपर्यंत उकळत, आणि शेवटी सुगंधी तेल तेवढे उरे. सुगंधी तेल करण्याची हौस असेल, तर ही पाणी आटवण्याची रीत घ्यावी आणि मसाले मात्र वेगळे निवडावेत.

प्रश्न : यहेज्केल संदेष्ट्याला ‘हिनाचा सहावा हिस्सा’ पाणी पिण्यास सांगितले होते. ते आजच्या मापाने किती? — एक शिक्षक, बेळगाव

उत्तर : हिनाचा सहावा हिस्सा म्हणजे दोन लोग. २२ लिटरांच्या बथाने ते ६१० मिलिलिटर, म्हणजे चार वाट्या होतात. नाए यांच्या मापाने ६९० मिलिलिटर आणि जोसेफसाच्या मापाने जवळजवळ १.१ लिटर. त्याच चौथ्या अध्यायात दिवसाचे अन्न २० शेकेल, म्हणजे सुमारे २२५ ग्रॅम सांगितले आहे. यरुशलेमला वेढा पडल्यावर लोक अन्न तोलून आणि पाणी मापून घेतील, याची ती खूण होती. सव्वादोनशे ग्रॅम भाकरीबरोबर ६१० मिलिलिटर पाणी ही तशा टंचाईला साजेशी जोडी आहे, त्यामुळे या वचनापुरता लहान आकडाच मला अधिक ग्राह्य वाटतो. वर्गात दाखवायचे असल्यास मापाच्या भांड्यात ६१० मिलिलिटर पाणी आणि ताटलीत २२५ ग्रॅम भाकरी ठेवावी, आणि हे चोवीस तासांचे आहे, एवढेच विद्यार्थ्यांना सांगावे.